एकटं की जोडीनं

शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा मला एवढंच कळलं होतं, की हे आता माझे गणिताचे तास खाणार.

आमची शाळा काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या अंगाला. चालवणारी मंडळी मराठी, शिकवणं मात्र इंग्रजीतून. नव्वदनंतरची ती वर्षं. हैदराबादेत जिकडे बघावं तिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. किराणा दुकानाच्या माडीवर, लग्नाच्या हॉलच्या जिन्यात, कुठंही. पालक प्रवेशाला यायचे ते आधी विचारायचे, "कॉम्प्युटर आहे का?" नाही म्हटलं की चहासुद्धा न घेता उठायचे. शेवटी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एका कंपनीशी करार केला. कंपनीनं मशीनं आणून दिली, चित्रकलेच्या खोलीत गालिचा अंथरून एसी बसवला आणि शिकवायला स्वतःची एक तरुण मुलगी पाठवली. ती तेलुगू घरातली, बोलायची मात्र अस्सल हैदराबादी हिंदी. मुलं दाराबाहेर बूट काढून मोज्यांवर आत जायची. देवळात जाताना चेहरे होतात तसे त्यांचे चेहरे व्हायचे.

मी तेव्हा विद्यापीठात एम.फिल.ला नाव घातलेलं होतं. माझे यजमान सरकारी कारखान्यात होते आणि तिथं स्वेच्छानिवृत्तीची कुजबुज सुरू झाली होती. रोज संध्याकाळी ते एखाद्या सहकाऱ्याचं नाव सांगायचे, "त्यानं पण सही केली." अशा वेळी घरात एकाची नोकरी तरी घट्ट असावी, हातात एखादी पदवी जास्त असावी, असं मला वाटलं होतं. उत्साह असा काही नव्हता. सकाळी डबे, दिवसभर वर्ग, संध्याकाळी बसला लोंबकळत विद्यापीठ, आणि परत येऊन कणीक मळणं. त्या वर्षाची माझी मुख्य आठवण म्हणजे पोटऱ्या दुखणं.

माझ्या गाईड मॅडम कडक होत्या. मोजकं बोलायच्या. मी विषय विचारायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर चांगला की वाईट, हे सगळेच विचारतात. त्याच्यासमोर मुलाला बसवायचं कसं, हे कोणी विचारत नाही. तुमच्याकडे मुलं आहेत, मशीनं आहेत. तुम्ही ते बघा."

असा माझा विषय ठरला. सातवीतल्या मुलांना ऋण संख्या शिकवायच्या, म्हणजे शून्याच्या खालच्या, मायनसवाल्या. धडा एकच, पद्धती दोन. पहिल्या गटातलं मूल मशीनसमोर एकटं बसणार. पडद्यावर गणित येणार, मूल उत्तर देणार, बरोबर की चूक ते मशीन लगेच सांगणार आणि पुढं जाणार. दुसऱ्या गटात एका मशीनपुढं दोघं. उत्तर दिलं की मशीन इंग्रजीत विचारणार, "का?" दोघांनी आपसात बोलून कारण ठरवायचं, ते टाइप करायचं, मगच पुढचं गणित. शेवटी दोन्ही गटांची एकच परीक्षा. कोणती पद्धत सरस, ते गुणांवरून कळणार.

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी आणि ती कंपनीची मुलगी प्रोग्रॅम लिहीत बसायचो. मी गणितं सांगायची, ती ती मशीनच्या भाषेत घालायची. मध्येच वीज जायची, लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. ती कपाळावर हात मारून म्हणायची, "गया मॅडम, पूरा गया." आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तिच्या घरात तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं, तीही दमलेलीच असायची. पण तिनं एकदाही नाही म्हटलं नाही.

गट मी चिठ्ठ्या टाकून पाडले. कोण कुठं जाणार हे मी ठरवायचं नाही, नशिबानं ठरवायचं, म्हणजे तुलना खरी. जोड्यासुद्धा चिठ्ठ्यांनीच, फक्त मुलींबरोबर मुली आणि मुलांबरोबर मुलं.

एकट्यांच्या गटात एक मुलगा आला. तो बोलताना अडखळायचा. वर्गात त्याला उभं केलं की पहिलं अक्षर त्याच्या ओठांवर अडकून पडायचं, मागच्या बाकांवर हसू फुटायचं आणि तो उत्तर येत असूनही खाली बसायचा. मी त्याला विचारणंच सोडून दिलं होतं, त्याला त्रास नको म्हणून. मशीनसमोर तो पहिल्या दिवशी बसला आणि मी त्याच्या मागून जाताना थबकले. बोटं सरसर चालली होती. चूक आली की जरा मान तिरकी करायचा, पुन्हा करायचा. तास संपला तरी उठेना. मी म्हटलं, "आवडलं का रे?"

त्यानं बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "बाई, हा... हा थांबतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, की उत्तर येईपर्यंत मशीन थांबतं. आम्ही माणसं थांबत नाही.

जोडीच्या गटात माझ्या लक्षात राहिल्या त्या दोन मुली. एक पुण्याहून नुकतीच आलेली. वडील कॉम्प्युटरच्याच नोकरीत, घरी स्वतःचं मशीन. स्वच्छ, टोकदार मराठी बोलायची, वर्गात पहिली यायची. दुसरी इथल्याच गौलीगुड्याची. त्यांचं भांड्यांचं दुकान. आजोबा नांदेडकडची शेती सोडून इथं आलेले. तिची मराठी आमच्यासारखी, इथल्या मातीत लोळलेली. "हौ", "नक्को", "कैकू" हे शब्द तिला मराठीच वाटायचे. खरं म्हणजे मलाही वाटायचे, मीही इथलीच. मी शिक्षक झाल्यावर ते शब्द आवरले, इतकंच.

पहिल्या दिवशी दोघी एका बाकड्यावर टोकाला टोकाला बसल्या. पुण्याची भराभर उत्तरं टाइप करी. मशीननं "का?" विचारलं की लिही, "नियम आहे." मशीन ते मान्य करून पुढं जाई. लिहिलेलं कारण तपासण्याइतकी अक्कल आम्ही त्याला देऊ शकलो नव्हतो. गौलीगुड्याची नुसती बघत बसे. माझी खात्री झाली, की ही जोडी फुकट गेली.

मग कधीतरी उणे वजा उणे आलं. पुण्याची म्हणाली, "दोन मायनस म्हणजे प्लस. लिहिते."

दुसरी म्हणाली, "पर कैकू?"

"कैकू नाही गं, का."

"बरं, का? दोन वाईट मिळून चांगलं कैकू होतंय?"

पुण्याच्या मुलीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मी दोन मशीनं सोडून उभी होते. सांगावं असं फार वाटलं, पण माझ्याच नियमात शिक्षकानं मध्ये पडायचं नव्हतं. मशीनवर तो शब्द लुकलुकत राहिला. दोघी हळू आवाजात भांडल्या, कागदावर रेघा ओढल्या, खोडल्या. पुढच्या तासालाही त्याच गणितावर अडून बसल्या. बाकीच्या जोड्या कुठल्या कुठं गेल्या.

आणि मग गौलीगुड्याची उठून उभी राहिली. म्हणाली, "हे बघ. मायनस बोले तो तोंड फिरवायचं." ती गर्रकन वळली. "आता आणखी एक मायनस." पुन्हा वळली. "आले का नाही पहिल्याच तोंडाला?"

मग पुण्याचीही उठली. ती वळली, पुन्हा वळली, आणि हसायला लागली. त्या गार खोलीत, गालिच्यावर, मोज्यांच्या पायांनी दोघी गोल फिरत होत्या. कंपनीची मुलगी तिकडून ओरडली, "ए, नीचे वायरां हैं, गिर जाते!" मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं.

नेमकी त्याच वेळी पुण्याच्या मुलीची आई दारात उभी होती. नवी खोली पालकांना दाखवायची मोठ्या बाईंची पद्धत होती, आणि त्या तिला घेऊन आल्या होत्या. आईला दिसलं ते असं, की सगळी मुलं मशीनवर काम करताहेत आणि तिची मुलगी फुगडी घातल्यासारखी फिरते आहे. ती सरळ ऑफिसात गेली. तिथं तिनं तक्रार केली. मला बोलावणं आलं.

"माझी मुलगी घरी याच्या पुढचं करते," ती मला म्हणाली. रागानं नाही, अगदी समजुतीनं. "इथं तिचा वेळ दुसरीला ओढण्यात जातो. ती मुलगी चांगलीच असेल, पण आमच्या मुलीची भाषासुद्धा बिघडायला लागली आहे. काल मला कैकू म्हणाली."

मी सांगायचा प्रयत्न केला. चिठ्ठ्यांचं सांगितलं. आज जे घडलं ते गणितच होतं, असंही म्हणाले. पण उभ्या उभ्या, घशात खडूची पूड, पुढच्या तासाची घंटा झालेली. मला ते नीट मांडता आलं नाही. आई म्हणाली, "तुमच्या प्रयोगासाठी नका हो आमच्या मुलांना वापरू."

ती गेल्यावर मोठ्या बाई खुर्चीत टेकल्या. त्याही थकल्या होत्या. त्यांच्या हाताखाली शाळा वाढली होती आणि आता त्यांच्याच डोळ्यांदेखत रोडावत होती. "बाई, तिला उद्यापासून एकटीला मशीन द्या," त्या म्हणाल्या. "मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण ही कुटुंबं गेली तर त्यांच्यामागं आणखी चार जातात."

दुसऱ्या दिवसापासून पुण्याची मुलगी भिंतीकडच्या मशीनवर गेली. गौलीगुड्याची आपल्या जागी एकटीच उरली. तिच्या मशीनवर अजून जोडीचाच प्रोग्रॅम होता. गणित सुटलं की तो विचारायचा, "का?", आणि ती शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघायची. एकदा मला म्हणाली, "बाई, आता मी बोलू कोणाशी?"

मी म्हटलं, "माझ्याशी बोल." पण मला सगळ्या खोलीत फिरावं लागायचं. तिच्याशी बोलणं येता-जाताच व्हायचं. काही दिवसांनी तीही "नियम आहे" असं लिहायला लागली. ते वाचलं त्या दिवशी मी घरी जाऊन स्वयंपाक केला नाही. यजमानांनी न विचारता खिचडी टाकली.

गाईड मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोघींना हिशेबातून काढा. चिठ्ठी मोडली, आता त्या कोणत्याच गटाच्या नाहीत."

"मॅडम, पण मला सगळ्यात जास्त त्यांच्याकडूनच कळलं."

"ते मला पटतं," त्या म्हणाल्या. "तरी काढा."

वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. मी काढल्या.

परीक्षा झाली. मी आणि यजमान स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकडे मांडत बसलो. त्यांना कारखान्यात मोजमापांची सवय, त्यांनी दोनदा तपासून दिलं. दोन्ही गटांची सरासरी जवळजवळ सारखी. जो फरक होता तो एवढा बारीक, की तो योगायोगानंही पडू शकतो. म्हणजे एकटं की जोडीनं, या प्रश्नाला माझ्या साऱ्या धावपळीनंतर आलेलं उत्तर होतं, फरक नाही.

पण आत बघितलं की फरकच फरक होते. तो अडखळणारा मुलगा कुठल्या कुठं पुढं गेला होता. त्याच गटातली एक बडबडी मुलगी, जी वर्गात नेहमी पुढं, ती एकटी बसून बसून कंटाळली आणि खाली आली. जोडीतल्या काही जणांनी एकमेकांना वर काढलं होतं, काहींनी एकमेकांच्या वह्या बघण्यापलीकडं काही केलं नव्हतं. कोणी चढलं, कोणी उतरलं, आणि बेरजेत सगळं सपाट झालं.

"हे मी लिहू?" मी मॅडमना विचारलं.

"लिहा. फरक नाही असं निकालात लिहा, आणि हे शेवटच्या चर्चेच्या प्रकरणात लिहा. निकाल तरी कोणी वाचतं, चर्चा कोणी वाचत नाही." त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या.

शाळेला मात्र फरक हवा होता. कंपनीचे मॅनेजर आले. टाय लावलेले, गोड बोलणारे. त्यांनी विचारलं, "एकटी बसणारी मुलं धडा लवकर संपवतात ना?"

"संपवतात. त्यांना बोलायचं नसतं, म्हणून."

"मग झालं तर!"

मी म्हटलं, "गुण सारखेच आहेत." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं मान हलवली. एकेका मुलाला एकेक मशीन लागलं तर त्यांच्या कंपनीची मशीनं जास्त जाणार होती, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. तिथल्या तिथं काही सुचत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव.

हिवाळ्यात नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी मोठं प्रदर्शन भरतं. गालिचे, लोणची, काश्मिरी शाली, आकाशपाळणे, सगळं शहर तिथं लोटतं. त्या वर्षी कंपनीनं स्टॉल घेतला आणि मोठ्या बाईंनी मला तिथं उभं राहायला पाठवलं. मी पोचले तर स्टॉलवर माझ्या उंचीपेक्षा मोठा फलक. एक मूल, एक संगणक. खाली बारीक अक्षरात, शाळेतील संशोधनातून सिद्ध.

मी मॅनेजरना म्हटलं, "हे खरं नाही. असं काही सिद्ध झालेलं नाही."

"मॅडम, संशोधन झालं ना? एकट्यांचा गट होता ना?"

"होता."

"मग खोटं काय आहे?"

त्यांच्याशी वाद घालायला माझ्या अंगात त्राण नव्हतं. मी स्टॉलवर उभी राहिले. शेजारी आकाशपाळण्याच्या भोंग्यावरचं गाणं, समोर भज्यांचा वास. संध्याकाळी एक जोडपं आलं. नवरा फलक वाचून म्हणाला, "खरंच सिद्ध झालंय का हो हे?"

मी म्हटलं, "नाही."

तो चमकला. मी म्हटलं, "ते संशोधन माझंच आहे. काही मुलांना एकटं बरं पडतं, काहींना जोडीनं. सगळ्यांना एकच चालतं असं दिसलं नाही."

बायको म्हणाली, "मग आमच्या मुलाला काय चालेल?"

"त्याच्याजवळ बसून बघावं लागेल. न बघता कसं सांगू?"

ती बाई नवऱ्याकडं वळली. म्हणाली, "बघितलंस? निदान खरं तरी सांगतात." पण दोघं पुढच्या स्टॉलकडं गेली. मॅनेजर मागं उभे होते. त्यांनी अतिशय नम्रपणे मला सांगितलं, की तुम्ही दमलेल्या दिसता, घरी गेलात तरी चालेल. मी गेले. दमलेले होतेच.

फलक तसाच राहिला. पुढं तो शाळेच्या फाटकावरही लागला. जूनमध्ये नवं वेळापत्रक आलं, त्यात कॉम्प्युटरच्या खोलीचे तास माझ्याकडून काढून घेतलेले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्यावरचं ओझंच कमी केलंय." त्यांच्या आवाजात वाईट हेतू नव्हता, आणि मीही वाद घातला नाही. कंपनीच्या मुलीचं लग्न होऊन ती विजयवाड्याला गेली. तिच्या जागी आलेल्या मुलानं सगळ्या मुलांना एकेकटं बसवलं. अडखळणाऱ्या मुलाचं त्यात भलं झालं, हे मला मान्य करावंच लागतं. तो त्या खोलीत फुलला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी माझा प्रबंध चाळला. "म्हणजे फरक नाही," ते म्हणाले.

"सरासरीत नाही."

"छान. प्रामाणिक आहे." त्यांनी सही केली आणि सिकंदराबादहून गाडी किती वाजता आहे, हे गाईड मॅडमना विचारलं. माझी पदवी एवढ्यावर झाली. मला वाटलं होतं काहीतरी मोकळं मोकळं वाटेल. मला फक्त झोप येत होती.

आता मशीनं नव्हती, पण वर्ग होता. आठवीला मी तीच मुलं घेतली. पहिल्या आठवड्यात मी मुलांना बोलावून एकेकाला विचारलं, तुला गणित एकट्यानं सोडवायला आवडतं की कोणाबरोबर. काहींना प्रश्नच कळला नाही, कारण असं त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. काहींचं उत्तर महिन्यानं बदललं. मी त्यांच्या जागा सारख्या हलवत राहिले. बाकीच्या शिक्षिका वैतागायच्या, त्यांच्या तासाला कोण कुठं बसलंय ते सापडायचं नाही. त्या अडखळणाऱ्या मुलाला मी उभं करणं पुन्हा सुरू केलं. सगळ्या वर्गाला बजावलं की आता कोणी बोलायचं नाही, आणि थांबले. पहिल्यांदा फार वेळ लागला. मागं कोणी तरी खुसखुसलं, मी तिकडं नुसतं बघितलं. त्याचं उत्तर आलं तेव्हा ते चूक निघालं. मी म्हटलं, "का बरं असं केलंस?", आणि तो पुन्हा अडखळत सांगू लागला, आणि आम्ही सगळे पुन्हा थांबलो.

पुण्याच्या मुलीची आई मला नंतर भाजीबाजारात भेटली. म्हणाली, "मुलगी तुमचं नाव काढते हो." एवढं बोलून ती कोथिंबीर निवडायला लागली. मीही निवडायला लागले. तिची मुलगी त्या वर्षी वर्गात पहिली आली होती. गौलीगुड्याची मधल्या कुठल्यातरी नंबरावर होती, तिथंच राहिली. पण ती मधल्या सुट्टीत माझ्याकडं यायची, टेबलाच्या कडेला टेकून उभी राहायची आणि सकाळच्या गणितातलं काहीतरी खटकलेलं विचारायची. माझा डबा निवायचा. काही दिवस मला तिला जा म्हणावंसं वाटायचं, डोकं जड झालेलं असायचं. तरी मी खुर्ची थोडी सरकवून तिला जागा करून द्यायची आणि म्हणायची, "हं, बोल."